तिच्या तोलाची वस्तू

२ एप्रिल २००७, सोमवार. सिद्धेश्वर

आलो बाई एकदाचे! परभणीपर्यंत रेल्वे, पुढे वसमतपर्यंत एसटी, आणि तिथून ऑफिसच्या जीपमध्ये सामानावर बसून आम्ही मायलेकी धरणाच्या कॉलनीत दाखल झालो. वाटेत जिकडेतिकडे हळद वाळत घातलेली. मिनूने ड्रायव्हरला विचारलं, की एवढी हळद लावायला इथे कुणाकुणाचं लग्न आहे. तो इतका हसला की मला ओरडावं लागलं, बाबा रे, आधी रस्त्याकडे बघ.

क्वार्टर दोन खोल्यांचं. भिंती जाड, म्हणून आत बऱ्यापैकी गार. नळाला सकाळी तासभर पाणी, तेवढ्यात रांजण भरून घ्यायचा. मागे कडुनिंब, पुढे धरणाची भिंत. मोबाइलला रेंज फक्त त्या भिंतीवर चढलं तरच. मिनूच्या बाबांना, समीरला, मस्कतला फोन करायचा तर रोज एवढ्या पायऱ्या! चला, तेवढंच वजन उतरेल.

काम तीन महिन्यांचं, कालव्याच्या दुरुस्तीआधीची मोजणी. आमचा खलाशी, म्हणजे मोजणीची पट्टी घेऊन पुढे पळणारा माणूस, देविदास. शेजारच्या तांड्यावरचा, चाळिशीचा, तोंडाला क्षणाची विश्रांती नाही. त्याची आई रुख्मिणीबाई माझ्याकडे स्वयंपाकाला आणि मिनूला सांभाळायला येणार आहेत. आल्या आल्या त्यांनी मिनूवरून हात ओवाळून बोटं मोडली आणि मला सुनावलं, की लेकरू वाळून राहिलं, ताई, तुमी काय नुसती मोजमापंच खाऊ घालता का हिला. मला आवडल्या बाई!

आणि हो, ऑफिसने जीपीएस दिलंय. पिवळं, मुठीत मावणारं. ते कालव्यासाठी आहे हे मला माहीत आहे. पण रविवारी कालवा थोडाच पळून जातोय?

५ एप्रिल, गुरुवार

आज सामान आणायला जीप वसमतला जाणार होती, मी लगेच चढले. हळदीच्या आडत दुकानावरच्या माडीवर वैजनाथ नावाच्या गृहस्थांचं सायबर कॅफे आहे. चार कॉम्प्युटर, एक पंखा, आणि सगळ्याला हळदीचा वास. तासभर मी नकाशेच बघतेय म्हटल्यावर त्यांना राहवेना. मग मी त्यांना माझा खेळ समजावून सांगितला.

कुणीतरी एक पेटी लपवतं. तिचे अक्षांश-रेखांश या खेळाच्या साईटवर टाकतं. बाकीचे ते आकडे यंत्रात भरून, यंत्रातल्या बाणाच्या मागे मागे जाऊन पेटी हुडकतात. आत एक वही असते, तिच्यात नाव लिहायचं. आत वस्तूही असतात. वाटलं तर एक घ्यायची, पण मग तिच्या तोलाची दुसरी ठेवायची. घरी येऊन साईटवर नोंद करायची, की पेटीच्या मालकाला आपोआप मेल जाते. मी नाशिक-पुण्याकडे मिळून सात शोधल्यात. साईटवर माझं नाव 'भटकभवानी'. समीर याला रिकामटेकड्यांचा खजिना म्हणतो. म्हणू दे.

वैजनाथरावांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, की म्हंजे डबा लपवायचा आपणच, पत्ता बी जगाला सांगायचा आपणच, अन् लोकं पेट्रोल जाळून येनार ते चिल्लर खेळणी न्यायला? ताई, तुमाला ऊन तर न्हाई ना लागलं?

मराठवाड्यात या साईटवर एकही पेटी नाही. म्हणजे पहिली माझी! संध्याकाळपासून डोक्यात दुसरं काही नाही. मिनूला अ आणि आ गिरवायला दिलेत, लाल खडूने सगळी फरशी आ आ करून ठेवलीय.

६ एप्रिल, शुक्रवार

जागा सापडली. कॉलनीपासून तीन किलोमीटरवर कालव्याच्या वर उघडा माळ आहे. त्यावर एकुलतं हिवराचं झाड आणि झाडाखाली दगडांचा कमरेएवढा ढीग. दगडांच्या फटीत बांगड्या, मणी, लिमलेटच्या गोळ्या, मोडकी बाहुली. देविदासने जाता जाता एक दगड उचलून ढिगावर ठेवला आणि मान खाली घालून पुढे गेला. पुढची शंभर पावलं हा माणूस गप्प! मी तर चक्रावलेच.

विचारलं तर म्हणाला, की इथून जानाऱ्यानं काहीतरी ठेवायचं असतं अन् मागं वळून पाहायचं न्हाई. काहून? तर ते आईला इचारा, मॅडम, मला नका इचारू. आई म्हणजे रुख्मिणीबाई. त्या उद्या पुसदकडे लग्नाला जाताहेत, दोन आठवडे. आल्यावर विचारीन. नवसाचं काहीतरी असणार, दुसरं काय.

८ एप्रिल, रविवार

लपवली! सकाळी मिनूला घेऊन चालतच गेले. वरचे आठ-दहा दगड बाजूला केले तर आत चांगली पोकळी. आणि त्या पोकळीत पालथी घातलेली एक पितळी वाटी. एवढीशी, लहान मुलाच्या ओंजळीएवढी, काठाला ठिपक्यांची नक्षी, काळीठिक्कर पडलेली. अशी जुनी वाटी आता पैसे टाकूनही मिळायची नाही. मनात आलं, खेळ म्हणजे खेळ. घेतली. तिच्या जागी स्टीलचा डबा ठेवला. डब्यात वही, लाल खडू, शिट्टी, आणि वाटीच्या तोलाची म्हणून मिनूची चिंधीची बाहुली चिंगी. चिंगीला सोडायला मिनू तयार नव्हती, दोन गोळ्यांवर मामला मिटला.

डब्यात चिठ्ठी घालायची पद्धत असते, कुणाला चुकून सापडला तर त्याने घाबरू नये म्हणून. तीही मराठीत लिहिली, म्हटलं गावातल्या माणसाला वाचता यायला हवी. इथे उतरवून ठेवते: 'नमस्कार! हा डबा तुमच्यासाठीच आहे. हा लपवाछपवीचा खेळ आहे, तुम्हीही खेळा. यातली एक वस्तू घ्या आणि तिच्या तोलाची दुसरी ठेवा. वहीत लिहा.'

घरी येऊन वाटी चिंचेने घासली. सोन्यासारखी निघाली. मिनू आता तिच्यातूनच पाणी पितेय, दुसरं भांडं नको म्हणते.

१२ एप्रिल, गुरुवार

वसमत. सोमवारी जीपबरोबर येऊन आकडे साईटवर टाकले होते. साईटवाल्यांनी पेटी मंजूर केली आणि इतक्यात एक मेलही आलीय. माझी पेटी सापडली म्हणून! मी खुर्चीत उडालेच. शोधणाऱ्याचं नाव रिकामं. नोंद परवाची, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांची. मजकुराच्या जागी नुसता एक चौकोन. वैजनाथराव म्हणाले, की ते मराठी अक्षर असनार, या जुन्या मशीनला दिसत न्हाई, तिकडच्या नव्यावर बघा. नव्यावर उघडलं.

नुसतं 'आ'.

या भागात अशी यंत्रं कुणाकडे असणार? औरंगाबादचे कुणी विद्यार्थी असतील, चेष्टेखोर. तरी खूश आहे मी. पहिल्या आठवड्यात पहिला गडी!

१५ एप्रिल, रविवार

मिनूला घेऊन बघायला गेले. डबा जागेवरच. चिंगी नाही. तिच्या जागी भोक पाडून दोऱ्यात ओवलेली जुनी कवडी. वहीच्या पहिल्या पानावर लाल खडूने मोठा, वेडावाकडा आ.

माझं डोकंच फिरलं. हे मिनूचं अक्षर. आठवडाभर ती माझ्याबरोबर कामावर येतेय, छत्रीखाली बसते, माझी नजर चुकवून इथे आली असणार. तिथेच एक धपाटा घातला. ती रडत रडत सांगत होती, की तिने नाही लिहिलं, ताईने लिहिलं, ताईला तेवढंच येतं कारण आपण तेवढंच शिकवलंय. कुठली ताई, विचारलं तर ढिगाकडे बोट. म्हणे ताईला सारखी तहान लागते.

उगाच मारलं लेकराला. एकटी पडलीय इथे, मनातल्या मनात मैत्रीण केलीय, दुसरं काय. संध्याकाळी जवळ घेऊन इ आणि ई शिकवली.

फक्त एक हिशेब लागत नाही. समजा वहीत तिने लिहिलं. साईटवर कुणी लिहिलं?

१९ एप्रिल, गुरुवार

दुसरी नोंद. काल दुपारी बारा वाजून पाच. मजकूर: 'आई'.

आणि खाली नवे आकडे. पेटी हलली असेल तर शोधणारा असे नवे अक्षांश-रेखांश देऊ शकतो, तशी सोय आहे साईटवर. मी ते यंत्रात भरले. परतताना जीप कालव्यावर थांबवली आणि बाणाच्या मागे गेले. ढिगापासून दीड किलोमीटर अलीकडे, कॉलनीच्या बाजूला, कालव्याच्या पुलाखाली माझा डबा. बाहेरून ओला. आत मिनूची निळी क्लिप.

ती क्लिप मंगळवारपासून सापडत नव्हती. तिच्या क्लिपांच्या डबीत मला त्या दिवशी एक कवडी मिळाली होती. मला वाटलं, ढिगावरून आणली असेल खेळायला.

झाकण लावून डबा तिथेच सोडला. जीपमध्ये येऊन बसले आणि ड्रायव्हरला म्हटलं, चल लवकर. देविदासने विचारलं, काय झालं मॅडम. काही नाही म्हटलं.

मिनू फार पाणी पितेय. काल रांजण दुपारीच रिकामा.

२१ एप्रिल, शनिवार

रुख्मिणीबाई आल्या. पिशवी खाली ठेवली, मिनूला हाक मारली, आणि मिनू वाटी घेऊन बाहेर आली. बाई मटकन उंबऱ्यावरच बसल्या. विचारलं, की ही कुठून आणली, ताई. खरं सांगा. मी सांगितलं.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या आजेसासऱ्याच्याही आधीची गोष्ट. तांडा तेव्हा बैलांवर मीठ लादून फिरायचा. या माळावर महामारीने गाठलं. दोन दिवसांत नऊ माणसं गेली. एका पोरीची आई गेली आणि पोरगीही तापाने फणफणलेली. सात वर्षांची. बाकीच्यांनी तिला हिवराखाली बसवलं, वाटीत पाणी दिलं, सांगितलं की पाणी घेऊन येतो अन् तुझ्या याडीला बी घेऊन येतो. ताई, याडी म्हणजे आमच्यात आई. अन् गेले. तिसऱ्या दिवशी परतले तर वाटी पालथी. पोरगी न्हाई. हाड न्हाई, चिंधी न्हाई. तवापासून तांड्याचा असो का गावचा, जो जातो तो तिथं काही ना काही ठेवतो. ती गप राहती. मागत न्हाई, कुनाच्या मागं येत न्हाई. पर तिथून आजवर कुनी काही घेतलं न्हाई, ताई. एक खडा बी न्हाई.

मग त्यांनी विचारलं, की डब्यात काय लिहून ठेवलं ते वाचून दाखवा. मी या वहीतून चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचा म्हणाल्या. पुन्हा वाचली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

म्हणाल्या, की तिला ठाऊकच नव्हतं ताई, का घ्यायचं बी असतं. तुमी शिकवलं.

२२ एप्रिल, रविवार

उजाडताच देविदास, रुख्मिणीबाई आणि मी माळावर. मिनूला देविदासच्या बायकोपाशी ठेवलं. वाटी पाण्याने भरून पोकळीत ठेवली, नारळ ठेवला, माफी मागितली. मी मागितली, हात जोडून, जमिनीला डोकं टेकून. मी! देवळात गेले तर चपला कोण नेईल याचीच काळजी करणारी.

डबा घरी आणून चिठ्ठी जाळायची असं ठरवलं होतं. पुलाखाली गेलो तर डबा नाही.

रुख्मिणीबाई रस्ताभर एकच म्हणत होत्या. वाटी दिली ते बरं झालं, पर तिला वाटी कुठं पाहिजे होती. वाटी तर तिच्यापाशी होतीच इतकी वर्सं.

काय पाहिजे होतं हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

२३ एप्रिल, सोमवार

मिनूचा पुढचा दात पडला, वरचा उजवा. एरवी केवढा सोहळा केला असता! कागदात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवला. दुपारी बाराला दिवे गेले. साडेबाराला कागद उघडला.

आत दात आहे. मिनूचा नाही. पिवळा, झिजलेला, मुळाशी माती.

घेतला. ठेवला. तोलाला तोल.

२४ एप्रिल, मंगळवार

कामाला दांडी. मिनूला कडेवर घेऊन वसमत. जीपमध्ये तिला खाली सोडलं नाही, ती म्हणतेय आई उकडतंय, तरी नाही.

पेटी साईटवरून काढून टाकली. खात्री करायला वैजनाथरावांनी पान पुन्हा उघडलं. पेटी आहे तिथेच. पुन्हा काढली. पुन्हा आहे. त्यांनी चारही मशीनवर करून बघितलं. मग बिचारे घाम पुसत म्हणाले, की ताई, तुमी लेकराला घेऊन आपल्या गावी जा कसं.

तिसरी नोंद आजचीच. 'आई पाणी'. पाणी हा शब्द मिनू रविवारी शिकली.

खाली आकडे. ते मी घरी येऊन यंत्रात भरले. बाणाने मला स्वयंपाकघरातून मागच्या दारी नेलं. अकरा मीटर. सात. चार. कडुनिंबाच्या बुंध्याशी डबा. आत मिनूच्या चपला.

चपला मिनूच्या पायात होत्या. सकाळी निघताना मीच घातल्या. खाली बघितलं, लेक अनवाणी. आणि दारापाशी दोन चामड्याचे तुकडे, वादीने बांधलेले, एवढ्याशा पावलांचे.

२५ एप्रिल, बुधवार

शुक्रवारची परभणीहून गाडी. तिकिटं मिळाली. आज निघाले असते पण मिनूला ताप चढला, एकशे तीन. औंढ्याचे डॉक्टर म्हणाले, की ऊन बाधलंय, दोन दिवस हलवू नका, पाणी देत राहा. पाणी! ती दुसरं काही मागतच नाही.

समीरला धरणाच्या भिंतीवरून फोन. त्याला वाटलं मला एकटेपणाने भास होताहेत. भांडले. रडले. मग तो म्हणाला की सुट्टी टाकतो, पण आठवडा लागेल.

आठवडा.

चिठ्ठीची भानगड अजून मिटलेली नाही. डबा फोडला, वही जाळली, खडू विहिरीत टाकला. चिठ्ठी तेवढी डब्यात नव्हती. शोध शोध शोधली. मिनूच्या उशीखाली निघाली, घडी करून. 'तोलाची' या शब्दावर बोट फिरवून फिरवून कागद काळा झालाय.

तीही जाळली. पण पाठ झाली असेल तर?

२६ एप्रिल, गुरुवार. सकाळ

रुख्मिणीबाई दारात बसून आहेत. देविदास मागच्या दारी. मी मिनूच्या उशाशी, तिचा हात माझ्या हातात. दुपार टळली की झालं. उद्या गाडी. देवा, एवढी एक दुपार.

२६ एप्रिल. दुपार

डोळा लागला. पाच मिनिटं— पाचच. हात माझ्या हातातच होता, सुटला नव्हता. मग जागी झाले तेव्हा हातात कवडी कशी?

मिनू रांजणापाशी. डोकं आत घालून पाणी पितेय. ताप नाही. अंग गार आहे. ओठ पुसून माझ्याकडे वळली, हसली आणि म्हणाली—

याडी.

रुख्मिणीबाईंनी दारातून ऐकलं. तोंडावर पदर धरला.

२६ एप्रिल. पुन्हा

हसली तेव्हा दिसलं. दाताची खिडकी नाही. सगळे दात आहेत.

कानामागे तीळ नाही. घासून बघितलं, नाही.

बाबांचं नाव विचारलं. माहीत नाही. आजीचं घर कुठे? माहीत नाही. माझ्या कुशीत शिरून बसलीय. मिनूचाच फ्रॉक, मिनूचेच डोळे, मिनूसारखाच अंगठा तोंडात. मी ढकलू शकत नाही. लेकरूच आहे हो तेही. कुणीतरी परत येतो म्हणून सांगितलेलं लेकरू.

माझी कुठे आहे?

२७ एप्रिल, शुक्रवार

देविदास मोटरसायकलने वसमतला जाऊन आला. वैजनाथरावांनी पान छापून दिलं. काल दुपारी, बारा वाजून वीस.

'मिनू घेतली. मी ठेवली.'

खाली आकडे. भरायची गरज नव्हती, पाठ आहेत मला, मीच टाकलेत साईटवर. ढीग.

रुख्मिणीबाई म्हणतात, पहिल्यांदाच असं झालं, काय करावं मला बी कळंना. मला कळतंय. नियम मी लिहिलाय. जबरदस्तीने काढून आणलं तर ते घेणं झालं, ठेवणं झालं नाही. ती पुन्हा घेईल. आणि हिला तिथे एकटीला परत बसवून येऊ? एकदा बसवलंच होतं की सगळ्यांनी.

तोलाची वस्तू. लेकराच्या तोलाचं काय असतं?

ती तर पहिल्या नोंदीपासून तेच मागत होती. आ. आई.

२७ एप्रिल. साडेअकरा. माळ

ही वही इथेच राहील, डब्याच्या जागी. ज्याला मिळेल त्याने वाचावी, पण हात जोडते, इथून काही घेऊ नये. ठेवावं आणि जावं.

देविदास आणि रुख्मिणीबाई खाली कालव्यावर उभे आहेत, ढिगाकडे पाठ करून. मी बजावलंय, मिनू आली की तिला उचलायचं आणि मागे न बघता चालायचं. आजची गाडी. नाशिक, गंगापूर रोड, तिच्या आजीकडे. समीरला सांगायचं की तनुजा भांडली त्याबद्दल— काही नाही. तेवढंच सांगायचं.

ती माझ्या मांडीवर. तहान नाही म्हणते आता. दगडावर बोटाने याडी लिहितेय.

बारा वाजत आले.

दगडाखालून आवाज. आई, आई, इथे अंधार आहे. मिनू, माझी मिनू— दगड काढतेय मी, एका हाताने लिहितेय— वहीत लिहायला हवं, लिहिल्याशिवाय नोंद होत नाही, तोच तर नियम—

बोटं दिसली. खिडकीचा दात. कानामागे तीळ. माझीच! देविदास, धावत ये, पाठमोराच ये— पळ गं राणी, खाली रुख्मिणीआजी उभी आहे, रडू नको, पाणी देतील. मागे बघू नकोस. मागे बघायचं नाही हं—

गेली. उचलली त्यांनी. चालताहेत. वळत नाहीत. शाब्बास.

माझ्या बोटांत गार बोटं. घट्ट. ती म्हणतेय चल.

थांब गं, एवढं लिहू दे.

घेतली: मिनू.

ठेवली: मी, तनु